संघटना वाढते, नाव अपुरे पडते

शिक्षकांच्या, कारकुनांच्या किंवा अन्य कोणत्याही व्यवसायातील मंडळींच्या संघटनेची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा अनुभव नवा नसेल. मागील सभेचे इतिवृत्त कायम होते, जमाखर्चाला मंजुरी मिळते, हिशेबतपासनिसाची नेमणूक होते. मोठमोठ्या रकमांचे विषय पाच-दहा मिनिटांत हातावेगळे होतात. मग विषयपत्रिकेच्या तळाशी असलेला ‘संघटनेच्या नावात बदल करण्याबाबत’ हा विषय पुकारला जातो आणि शेवटची एस. टी. गाठण्याच्या बेतात असलेली मंडळीही पुन्हा खुर्चीवर टेकतात. वर्षभर तोंड न उघडलेले सभासद बोलायला उठतात. कोणी दिवंगत संस्थापकांची आठवण काढतो, तर कोणी नव्या नावाच्या आद्याक्षरांतून कसा विपरीत शब्द तयार होतो ते फळ्यावर लिहून दाखवतो. अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा खल कशाला, असे त्यांना वाटते.

खल होतो, कारण गोष्ट एवढीशी नसते. संघटना जन्माला येते तेव्हा तिचे नाव म्हणजे त्या दिवशी सभागृहात बसलेल्या माणसांचे वर्णन असते. पुढे ती वाढते, निराळ्या दर्जाची, निराळ्या कामाची माणसे दाराशी येतात आणि वर्णन तोकडे पडू लागते. अशा वेळी नवे नाव शोधणे म्हणजे ‘आपला’ कोणाला म्हणायचे हे ठरवणे होय. वर्गणी कोणाकडून घ्यायची, मताचा अधिकार कोणाला द्यायचा आणि वेतनाच्या वाटाघाटीत कोणाची बाजू मांडायची, हे सारे त्या दोन-चार शब्दांत गुंतलेले असते. इंग्लंड आणि अमेरिकेतील शिक्षक संघटनांनी गेल्या दीडशे वर्षांत हा प्रश्न अनेकदा सोडवला, काही वेळा चुकीचा सोडवला आणि त्याची किंमतही मोजली. शिक्षकी पेशाशी संबंध असलेल्या वाचकाला तो इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

२५ जून १८७० रोजी लंडनच्या किंग्ज कॉलेजात इंग्लंड व वेल्समधील ठिकठिकाणच्या शिक्षक मंडळांचे प्रतिनिधी एकत्र जमले आणि त्यांनी ‘नॅशनल युनियन ऑफ एलिमेंटरी टीचर्स’ ही संघटना स्थापन केली. प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्या वेळी पार्लमेंटपुढे होते. ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. या नावातील ‘एलिमेंटरी’ हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. आज ‘प्राथमिक’ म्हटले की शिक्षणाच्या जिन्याची पहिली पायरी डोळ्यांपुढे येते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मात्र तो जिनाच निराळा होता. एलिमेंटरी शाळा म्हणजे कष्टकऱ्यांच्या मुलांची शाळा. ते मूल लिहा-वाचायला आणि हिशेब करायला शिकले की बारा-तेरा वर्षांच्या आतच गिरणीत किंवा शेतावर कामाला जाणार, हे गृहीत धरलेले असे. सुस्थितीतील घरांतली मुले पहिल्या इयत्तेपासूनच दुसऱ्या शाळांत जात आणि त्या शाळांतील मास्तर स्वतःला एलिमेंटरी शिक्षकांच्या पंगतीत बसवून घेण्यास तयार नसत. म्हणजे संघटनेच्या नावातला हा शब्द वरवर अध्यापनाचा स्तर सांगत होता. प्रत्यक्षात तो शिक्षकाची सामाजिक पायरी सांगत होता.

त्या पायरीला पैशाचा आधारही होता. १८६२ च्या नियमावलीने सरकारी अनुदान परीक्षेच्या निकालाला जखडून टाकले होते. हजेरीसाठी दर मुलामागे ४ शिलिंग आणि वाचन, लेखन व गणित या तीन विषयांत उत्तीर्ण झाल्यास ८ शिलिंग मिळत. एका विषयात मूल नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. तपासनीस साहेब वर्षातून एकदा येणार, त्या दिवशी गोवर आलेले पोर घरी राहिले किंवा भेदरून अडखळले, की शाळेचे उत्पन्न आणि पर्यायाने मास्तरांचा पगार घटणार. निकालानुसार अनुदान देण्याची ही पद्धत मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही ठाऊक होती, तेव्हा मराठी शाळामास्तराला तिची झळ काय असते ते वेगळे सांगायला नको. तात्पर्य, एलिमेंटरी शिक्षकांनी आपल्या नावाचीच संघटना काढली यात काही गैर नव्हते. दुखणे त्यांचे होते, म्हणून नावही त्यांचे होते.

मग १८८९ मध्ये संघटनेने हा शब्द का गाळला? ‘नॅशनल युनियन ऑफ टीचर्स’ हे नवे नाव घेतले त्या दिवशी तिच्या सभासदांत काही फरक पडला नव्हता. सभासद बहुतांशी तेच एलिमेंटरी शाळांतले होते आणि पुढेही दीर्घकाळ तेच राहिले. तेव्हा हे नाव वस्तुस्थितीचे वर्णन नव्हते, तो एक दावा होता. शिक्षक हा शिक्षक आहे. तो कोणाच्या मुलांना शिकवतो यावरून त्याची जात ठरू नये, असे ते नाव म्हणत होते. निकालानुसार अनुदानाची पद्धत पुढच्या दहा वर्षांत मोडीत निघाली. १८९८ मध्ये निवृत्तिवेतनाचा कायदाही आला. गंमत अशी, की त्या कायद्याच्या शीर्षकात ‘एलिमेंटरी स्कूल टीचर्स’ हेच शब्द होते. संघटनेने पाटी बदलली तरी सरकारच्या दप्तरातली नोंद जुनीच राहिली होती.

आणि केवळ सरकारच्याच नव्हे. माध्यमिक शाळांतील शिक्षिकांनी १८८४ मध्येच आपली वेगळी संघटना काढली होती. पुरुष शिक्षकांनीही १८९१ च्या सुमारास, म्हणजे शेजारच्या संघटनेने दार मोकळे केल्यावर लगोलग, आपली निराळी चूल मांडली. या दोन्ही संघटनांच्या नावांत ‘असिस्टंट’ हा शब्द होता. म्हणजे मुख्याध्यापक वगळून बाकीचे. एका संघटनेने आपल्या नावातून कमीपणा दाखवणारा शब्द काढला म्हणून दुसऱ्या बाजूची माणसे तिच्या पंगतीला येऊन बसत नाहीत. नाव रुंद करणे हे ठरावाने साधते. पंगत एक व्हायला मात्र या प्रकरणात एकशे अठ्ठावीस वर्षे लागली. ती हकीकत पुढे येईलच.

त्याआधी स्त्रियांचा प्रश्न. इंग्रजीत ‘टीचर’ या शब्दाला लिंग नाही. तेव्हा ‘नॅशनल युनियन ऑफ टीचर्स’ या नावात स्त्री-पुरुष दोघेही सहज मावत होते आणि सभासदांत स्त्रियांची संख्या मोठी होती. १९११ मध्ये इझाबेल क्लेगहॉर्न या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या. असे असूनही वेतनाच्या बाबतीत स्त्री ही पाऊण-एक शिक्षकच होती. पहिल्या महायुद्धानंतर बर्नहॅम समितीने ज्या वेतनश्रेणी ठरवल्या त्यांत शिक्षिकेचे वेतन पुरुषाच्या सुमारे चार-पंचमांश धरले होते. काम तेच, वर्ग तितकाच मोठा, वह्यांचा गठ्ठा तितकाच जड आणि पगार पाच रुपयांऐवजी चार. संघटनेच्या अंतर्गतच १९०४ मध्ये समान वेतनासाठी एक गट उभा राहिला होता. १९०६ मध्ये त्याने ‘नॅशनल फेडरेशन ऑफ विमेन टीचर्स’ हे नाव घेतले आणि १९२० मध्ये तो ‘नॅशनल युनियन ऑफ विमेन टीचर्स’ म्हणून बाहेर पडला. या तीन नावांकडे क्रमाने पाहिले की एका गटाचा वाढता निर्धार दिसतो. पहिल्या नावात केवळ मागणी होती, दुसऱ्यात माणसे आली आणि तिसऱ्यात मातृसंस्थेचाच ‘युनियन’ हा शब्द उचलून तिच्याशी बरोबरी सांगितली गेली.

दुसऱ्या टोकाला पुरुष शिक्षकांचा एक गट होता. समान वेतनाचे तत्त्व मान्य करून संघटनेने आपल्याला वाऱ्यावर सोडले, कुटुंब पोसणाऱ्या पुरुषाला जास्त मिळाले पाहिजे, अशी त्याची धारणा. १९१९ मध्ये त्याने ‘नॅशनल असोसिएशन ऑफ मेन टीचर्स’ स्थापन केली, १९२० मध्ये नाव बदलून ‘स्कूलमास्टर्स’ केले आणि १९२२ मध्ये तोही वेगळा झाला. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने एकाच घरातून दोन भावंडे बाहेर पडली. एक ‘मला कमी मिळते’ म्हणून आणि दुसरे ‘तिला माझ्याइतके मिळेल’ म्हणून. रुंद नावाने दोघांनाही धरून ठेवता आले नाही. शब्द सर्वांना कवेत घेणारा असला, तरी आतल्या माणसांचे हितसंबंध एकमेकांशी भांडत असतील तर नुसता शब्द काय करणार?

अरुंद नावाचे काही फायदे असतात, हेही येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. शिक्षिकांच्या वेगळ्या संघटनेला आपण कशासाठी आहोत याविषयी कधी संभ्रम पडला नाही. सरकारने १९५५ मध्ये समान वेतनाला मान्यता दिली, ते टप्प्याटप्प्याने १९६१ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच वर्षी या संघटनेने स्वतःचे विसर्जन केले. कार्य संपल्यावर कार्यालयाला कुलूप लावणाऱ्या संघटना विरळा! बहुतेक संघटना अशा वेळी नवे उद्दिष्ट, नवे नाव आणि जुनेच पदाधिकारी घेऊन पुढे चालू राहतात. पुरुषांच्या संघटनेची गोष्ट निराळी झाली. १९७५ मध्ये लिंगभेदविरोधी कायदा आल्यावर निव्वळ पुरुषांची संघटना चालवणे अशक्य झाले आणि १९७६ मध्ये ती १९६५ साली निघालेल्या ‘युनियन ऑफ विमेन टीचर्स’शी एकत्र आली. दोघांनीही आपापले नाव सोडले नाही. दोन्ही नावांची आद्याक्षरे शेजारी शेजारी लिहिली आणि ‘एनएएसयूडब्ल्यूटी’ असे एक लांबलचक जोडाक्षर तयार झाले. ‘स्कूलमास्टर्स’ हा शब्द ऐकिवातून गेला, पण त्याची अक्षरे पाटीवर राहिली. कुटुंबात वाटणी टाळण्यासाठी जुन्या घराला दोन्ही भावांची नावे द्यावीत, तसा हा तोडगा. डौलदार नाही, पण त्याने भांडण टळले, आणि संघटनेच्या व्यवहारात ही काही लहान कमाई नव्हे.

मूळ प्रवाहाकडे परत यायचे तर, माध्यमिक शाळांतील सहायक शिक्षक व शिक्षिका यांच्या दोन संघटना १९७८ मध्ये एक झाल्या. तेव्हाचे नाव होते ‘असिस्टंट मास्टर्स अँड मिस्ट्रेसेस असोसिएशन’. पुढे पंधरा वर्षांनी, १९९३ मध्ये, त्यांनी ‘असोसिएशन ऑफ टीचर्स अँड लेक्चरर्स’ हे नाव घेतले. ‘सहायक’ गेले, ‘मास्तर-मास्तरीण’ गेले, ‘व्याख्याते’ आले. नव्या नावाने महाविद्यालयीन अध्यापकांसाठी दार उघडले आणि नाव काही म्हणो, वर्गातील मदतनीस, प्रयोगशाळा सहायक, कार्यालयीन कर्मचारी अशा मंडळींनाही तिने सभासद करून घेतले. १ सप्टेंबर २०१७ रोजी ही संघटना आणि १८७० ची ती जुनी संघटना या दोन्ही मिळून ‘नॅशनल एज्युकेशन युनियन’ अस्तित्वात आली. सभासद साडेचार लाखांच्या वर. १८८९ मध्ये केलेला दावा अशा रीतीने प्रत्यक्षात उतरला. आणि ज्या दिवशी तो उतरला, त्याच दिवशी नावातून ‘टीचर’ हा शब्द मात्र गेला.

या शेवटच्या बदलाकडे थोडे थांबून पाहायला हवे. ‘शिक्षकांची संघटना’ आणि ‘शिक्षणाची संघटना’ यांत एका अक्षराचा फरक दिसतो, पण पहिल्या नावात माणूस आहे, दुसऱ्यात क्षेत्र आहे. क्षेत्राचे नाव घेतले की त्या क्षेत्रात राबणारा प्रत्येक जण दाराशी येऊन ‘मीही त्यातलाच’ असे म्हणू शकतो. इंग्लंडमध्ये तसेच झाले. शाळांतील शिक्षकेतर सेवकांच्या वाटाघाटी तेथे युनिसन, जीएमबी आणि युनाइट या तीन मोठ्या कामगार संघटना करतात. त्यांच्या हद्दीत घुसखोरी नको म्हणून नव्या संघटनेने स्थापनेच्या वेळीच अशा सेवकांना मुद्दाम गोळा न करण्याचे मान्य केले होते. जे आपण होऊन येतील त्यांना सभासदत्व. वाटाघाटीच्या मेजावर मात्र त्यांच्या वतीने खुर्ची नाही. पुढे संघटनेतूनच ही खुर्ची मागितली जाऊ लागली तेव्हा त्या तिघींनी हरकत घेतली. नाव म्हणत होते ‘सर्व या’. करार म्हणत होता ‘दारातच थांबा’. ज्या मदतनीस बाई वर्गणी भरून सभासद झाल्या, त्यांच्या दृष्टीने नावाचा अर्थ काय उरला?

अमेरिकेतील इतिहास याहून बोचरा आहे. फिलाडेल्फियात १८५७ मध्ये ४३ जणांनी ‘नॅशनल टीचर्स असोसिएशन’ स्थापन केली. तिच्या घटनेत सभासदत्वाच्या कलमात ‘जंटलमन’ हा शब्द होता. उपस्थित असलेल्या दोन स्त्रियांना मानद सभासद म्हणून सामावून घेतले गेले. १८६६ मध्ये तो शब्द बदलून ‘पर्सन’ केला तेव्हा स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला. म्हणजे येथे आधी घटनेतील कलम दुरुस्त झाले. नाव चार वर्षांनी, १८७० मध्ये, शाळा-अधीक्षकांच्या आणि अध्यापक विद्यालयांच्या संस्था सामील झाल्यावर बदलले आणि ‘नॅशनल एज्युकेशनल असोसिएशन’ झाले. इंग्लंडमध्ये ज्याला २०१७ उजाडले तो बदल, म्हणजे माणसाकडून क्षेत्राकडे जाणे, अमेरिकेत सुरुवातीलाच घडला. त्याचा परिणाम मात्र उलटा झाला. क्षेत्राचे नाव घेतल्यावर अधीक्षक आणि कुलगुरू व्यासपीठावर आले आणि वर्गातल्या बाई मागच्या रांगेत गेल्या. एला फ्लॅग यंग या पहिल्या महिला अध्यक्षा निवडून यायला १९१० साल उजाडावे लागले. रुंद नावातून खालचा माणूसही आत येतो आणि वरचाही. व्यासपीठ कोणाच्या हाती जाईल हे त्यांच्या बळावर ठरते.

पण बोचरा भाग हा नव्हे. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या आणि राज्य पातळीवरील शिक्षक संघटनाही वेगळ्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या शाळांतील शिक्षकांची राष्ट्रीय संघटना विसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली आणि १९०७ पासून तिचे नाव ‘नॅशनल असोसिएशन ऑफ टीचर्स इन कलर्ड स्कूल्स’ असे होते. रंगाचे विशेषण शिक्षकाला लावलेले नाही, शाळेला लावले आहे, हे येथे लक्षात यावे. नाव कोणाच्या कातडीविषयी बोलत नव्हते, तर त्या माणसांना ज्या जागी काम करावे लागत होते तिच्याविषयी बोलत होते. १९३७ मध्ये संघटनेने तेही सोडले आणि ‘अमेरिकन टीचर्स असोसिएशन’ हे नाव घेतले. ज्यांना निम्म्या देशात गोऱ्यांबरोबर एका उपाहारगृहात बसता येत नव्हते, त्यांनी आपल्या संघटनेला ‘अमेरिकन’ म्हणावे, यात केवढी जिद्द होती! इंग्लंडमधील १८८९ चा दावा याच्यापुढे फिका वाटतो.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर शाळा एक झाल्या त्या बहुधा कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद करून, आणि त्या शाळांतील हजारो शिक्षक व मुख्याध्यापक नोकरीला मुकले. १९६६ मध्ये मायामी बीच येथील अधिवेशनात दोन्ही राष्ट्रीय संघटनांचे विलीनीकरण झाले. नाव राहिले ते मोठ्या संघटनेचे. १९६८ मध्ये एलिझाबेथ डंकन कूंट्झ या तिच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्षा झाल्या, ही गोष्ट मोठी. पण काही राज्यांतील शाखांचे विलीनीकरण सत्तरच्या दशकापर्यंत रेंगाळले. तेथे भांडण नावाचे नव्हतेच. पदे, कार्यालये, नोकरवर्ग आणि कार्यकारिणीतील जागा यांची वाटणी कशी व्हायची, यावर ते अडले होते. ‘राष्ट्रीय’ म्हणवणारी संघटना अनेक राज्यांत एका वर्णाची होती आणि जिने आपले नाव बदलून सर्व अमेरिकेवर हक्क सांगितला, तिचे नावच शेवटी इतिहासजमा झाले.

स्कॉटलंडमधील शिक्षक संघटनेला या कटकटीतून जावे लागले नाही. १८४७ मध्ये स्थापन झालेली ‘एज्युकेशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्कॉटलंड’ आजही त्याच नावाने चालू आहे. १९१७ मध्ये माध्यमिक शिक्षकांच्या व वर्गशिक्षकांच्या संस्था तिच्यात सामील झाल्या तरी पाटी बदलली नाही. नवख्या माणसाला ती एखादी अध्यापन संस्था वाटते, संप करणारी संघटना वाटत नाही, एवढाच तोटा. स्कॉच माणसाला रंगरंगोटीचा खर्च आवडत नाही, असेही म्हणता येईल.

आता महाराष्ट्राकडे. येथे ‘शिक्षक’ हा शब्द वाटतो तितका निर्विवाद नाही, याचा पुरावा खुद्द राज्यघटनेत आहे. विधान परिषदेच्या सुमारे एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडून द्याव्यात असे १७१ वे कलम सांगते आणि ७८ जागांच्या आपल्या परिषदेत अशा ७ जागा आहेत. पण मतदाराने माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाची नसलेल्या संस्थेत किमान तीन वर्षे अध्यापन केलेले असले पाहिजे. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला अक्षरे गिरवून घेणारे गुरुजी ‘शिक्षक मतदारसंघा’त मतदार नाहीत. पदवी असली तर त्यांनी पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवावे. इंग्लंडमधील ‘एलिमेंटरी’ शब्द येथे नावात नाही, तो व्याख्येत लपला आहे.

‘शिक्षकेतर’ या शब्दाचा प्रकार आणखी वेगळा. शाळेतील लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथपाल, शिपाई या सर्वांची ओळख ते काय आहेत यावरून होत नाही, ते काय नाहीत यावरून होते. १९७७ च्या खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीच्या कायद्याने शिक्षक आणि शिक्षकेतर या दोघांनाही ‘कर्मचारी’ या एकाच शब्दात आणले. संघटना मात्र बव्हंशी वेगवेगळ्या राहिल्या आणि त्यांची नावेही. उलट दिशेचेही उदाहरण आहे. २००० साली शासनाने तीन वर्षे मानधनावर राबणाऱ्या नव्या उमेदवाराला ‘शिक्षण सेवक’ हे नाव दिले. प्राथमिक शाळेत त्याचे मानधन तेव्हा दरमहा ३,००० रुपये होते. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. तो पूर्ण तास घेतो, पेपर तपासतो, निवडणुकीच्या कामावरही जातो. त्याला ‘शिक्षक’ न म्हणता ‘सेवक’ म्हटल्याने शासनाची किती बचत झाली, हा हिशेब एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी जरूर मांडावा. महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापकांचीही गत हीच. प्राध्यापकांच्या संघटनांच्या नावांत ते मावतात की नाही, हे त्यांनाच विचारावे.

अर्थशास्त्रात सीमांत घटकाला महत्त्व असते. बाजारातला भाव ठरतो तो आधीच्या शंभर पोत्यांवर नव्हे, शेवटच्या पोत्यावर. संघटनेच्या नावाची परीक्षाही अशा उंबरठ्यावरच्या सभासदावर घ्यायला हवी. संस्थापकांना आणि जुन्या सभासदांना कोणतेही नाव चालते. ते घरचेच असतात. जो आत येऊ की नको अशा विचारात आहे त्याला ते नाव काय सांगते, आणि त्या नावावर विश्वास ठेवून तो आत आला तर त्याला काय मिळते, हे पाहावे. सहयोगी सभासद म्हणून वर्गणी घ्यायची आणि मताच्या वेळी हात वर करू द्यायचा नाही, ही सोय अनेक संघटनांच्या घटनेत असते. त्यापेक्षा अरुंद नाव बरे, निदान ते फसवत नाही.

जुन्या नावाचे मोलही हिशेबात धरले पाहिजे. पन्नास वर्षांच्या लढ्यांतून, निवेदनांतून, मोर्च्यांतून एक पत असते ती त्या नावाशी बांधलेली असते. मंत्रालयातला अधिकारी लिफाफ्यावरचे नाव ओळखतो, आणि न ओळखलेला लिफाफा टपालाच्या ढिगात तळाशी जातो. शिवाय बँकेतील खाते, जागेचे दस्तऐवज, न्यायालयात चालू असलेले दावे, शिक्के, पावतीपुस्तके. या सर्वांचा विचार करूनच १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने नाव बदलण्यासाठी एकूण सभासदसंख्येच्या किमान दोन-तृतीयांश सभासदांची संमती आवश्यक केली होती. सभेला हजर असलेल्यांच्या दोन-तृतीयांश नव्हे, एकूण सभासदांच्या. बदलाच्या सूचनेवर चिटणिसाबरोबर आणखी सात सभासदांच्या सह्या हव्यात आणि नव्या नावामुळे जुनी देणी किंवा जुने हक्क बुडणार नाहीत, असेही त्या कायद्याने स्पष्ट केले होते.

ही अट जाचक वाटते खरी. हजार सभासदांच्या संघटनेत पावणेसातशेच्या घरात सह्या गोळा करायच्या म्हणजे तालुक्या-तालुक्याला कार्यकर्ते धाडावे लागतात, शाळाशाळांतून फिरावे लागते आणि प्रत्येक ठिकाणी नवे नाव कशासाठी, कोणासाठी, हे समजावून सांगावे लागते. त्या फिरतीत एखाद्या शाळेच्या कार्यालयात बसलेला लिपिक विचारतो, या नव्या नावात आम्ही धरले आहोत का? सह्यांचा कागद पुढे करण्याआधी त्याला उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर घटनेच्या कोणत्या कलमात लिहिले आहे तेही दाखवावे लागते.